क्यू अँगल १९ डिग्री निघाला, मांडीच्या स्नायूंच्या ओढीचा गुडघ्याच्या वाटीवर नक्की काय परिणाम होतो?

संथ_धाव:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय पण सगळं सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही म्हणून लिहितेय.

८ महिन्यांपूर्वी पळायला सुरुवात केली, आठवड्यातून तीनदा, फार वेगात नाही. गेले दोन महिने उजव्या गुडघ्याच्या पुढच्या बाजूला, म्हणजे वाटीच्या मागे कुठेतरी दुखतं, बोट ठेवून दाखव म्हटलं तर दाखवता येत नाही, पूर्ण तळहात वाटीवर ठेवावा लागतो. जिना चढताना थोडं, उतरताना जास्त, आणि खुर्चीत तासभर बसून उठलं की पहिली चारपाच पावलं फार त्रास. सूज नाही, गुडघा अडकत नाही, एक्सरे नॉर्मल आहे.

फिजिओकडे गेले तर त्यांनी कमरेच्या पुढच्या हाडापासून वाटीपर्यंत आणि वाटीपासून नडगीच्या उंचवट्यापर्यंत पट्टी लावून मोजलं आणि म्हणाले क्यू अँगल, म्हणजे या दोन रेषांमधला कोन, उजवीकडे १९ आहे, डावीकडे १६, त्यामुळे वाटी बाहेर ओढली जातेय आणि आतला स्नायू कमजोर आहे. व्यायाम दिलेत, ते करतेय. पण घरी येऊन वाचायला बसले तर एका ठिकाणी लिहिलंय की हा अँगलच सगळ्याचं मूळ आहे, दुसरीकडे लिहिलंय की त्याला काही अर्थ नाही, मोजूच नका. डोकं फिरायची वेळ आली.

मला व्यायामांची यादी नकोय, ती मिळालीय. मला हे समजून घ्यायचंय की स्नायू मांडीत वर आहे, वाटी खाली आहे, मग स्नायूची दिशा थोडी तिरकी असली तर वाटीवरचा जोर बदलतो म्हणजे नक्की काय होतं? आणि ३ डिग्रीचा फरक म्हणजे किती फरक? माझं दुखणं तेवढ्यानं खरंच समजतं का? कुणाला माहिती असेल तर कृपया सविस्तर लिहा.

बलरेषा:

मी डॉक्टर नाही, मेकॅनिक्स शिकवतो, त्यामुळे फक्त जोराबद्दल बोलतो, उपचाराबद्दल दुसरं कुणी बोलेल.

एक दोरी घ्या, मध्ये एक कडी ओवा आणि कडीपाशी दोरी थोडी वाकेल अशी टेबलावर ठेवा. आता कडी बोटाने धरून दोन्ही टोकं ताणा. कडी बोटाला एका बाजूला ढकलते की नाही? वाकलेली दोरी ताणली की ती सरळ व्हायला बघते, आणि सरळ व्हायचं तर मधला कोपरा बाजूला सरकायलाच हवा. तुमच्या पायात वरचं टोक म्हणजे मांडीचा स्नायू, खालचं टोक म्हणजे नडगीच्या उंचवट्याला चिकटलेली कंडरा, आणि कोपऱ्यावर वाटी. मांडीचं हाड खुब्यापासून गुडघ्याकडे आत तिरकं येतं, नडगी मात्र जवळजवळ सरळ खाली जाते, म्हणून कोपरा आतल्या बाजूला पडतो आणि दोरी ताणली की वाटी बाहेरच ढकलली जाते. हे प्रत्येक माणसात होतं, हा काही आजार नाही. माणसाच्या गुडघ्याची रचनाच अशी आहे.

आता किती. बाहेरची ओढ म्हणजे साधारण एकूण ओढ गुणिले त्या कोनाचा साइन. समजा स्नायू १०० किलोच्या जोराने ओढतोय. कोन १० असेल तर बाजूला १७ किलो, १५ ला २६, २० ला ३४. तुमचे आकडे घेतले तर १६ ला साधारण २८ आणि १९ ला ३३. म्हणजे तुमच्या दोन पायांतला फरक शंभरात पाचाचा. शून्य नाही, पण एका पायाला त्रास आणि दुसऱ्याला काहीच नाही हे सगळं त्या पाचावर ढकलायला माझं मन तयार होत नाही.

आता जो भाग बहुतेक लेखांमध्ये सुटतो तो. वाटीवर दोन वेगळे जोर असतात. एक हा बाजूचा, वर सांगितलेला. दुसरा मागे दाबणारा, म्हणजे गुडघा वाकला की तीच दोरी समोरून पाहिल्यावर नाही तर बाजूने पाहिल्यावर वाकलेली दिसते आणि वाटीला मांडीच्या हाडाच्या खोबणीत दाबते. पाय सरळ असताना हा दाब जवळजवळ नसतोच. दोरी ३० डिग्री वाकली तर ओढीच्या निम्मा, ९० डिग्री वाकली तर ओढीच्या साधारण १.४ पट. (खऱ्या गुडघ्यात वाटी नुसती कप्पी नाही, ती तरफेसारखंही काम करते, त्यामुळे वरच्या आणि खालच्या कंडरेतला ताण सारखा नसतो, पण कल्पना येण्यापुरतं हे पुरे.)

म्हणजे बघा, पाय जवळजवळ सरळ असताना बाजूची ओढ आहे पण वाटीला जागेवर दाबून ठेवणारा दाब नाही, आणि पहिल्या २० ते ३० डिग्रीत वाटी खोबणीत नीट बसलेलीही नसते, तेव्हा ती घसरण्याचा धोका इथे. याउलट गुडघा बराच वाकला की वाटी खोबणीत घट्ट असते, निसटायची भीती कमी, पण दाब प्रचंड. १९७२ साली रायली आणि मार्टेन्स यांनी काढलेले आकडे अजून सगळीकडे वापरतात, चालताना वाटीमागे शरीराच्या वजनाच्या निम्मा जोर, जिन्यावर ३.३ पट, खोल बैठकीत ७.६ पट. ६० किलोच्या माणसाला जिन्यावर जवळजवळ २०० किलो आणि बैठकीत साडेचारशेच्या वर. तुमचं वर्णन दाबाच्या बाजूचं वाटतं, घसरण्याच्या बाजूचं नाही. एकच कोन पण त्याचे त्रास दोन, आणि लोक दोन्ही एकत्र करून बोलतात म्हणून तुम्हाला उलटसुलट वाचायला मिळतंय.

खुबा_ते_घोटा:

बलरेषा यांनी पाया छान घातलाय. मी फिजिओ आहे, रोज गुडघेच बघते, तर स्नायूंच्या बाजूने लिहिते.

ताई, तुम्हाला "आतला स्नायू" म्हणून जो सांगितला तो व्हीएमओ. मांडीच्या पुढचे चार स्नायू (क्वाड्स) एकाच कंडरेत येऊन वाटीला धरतात, पण चौघांची दिशा सारखी नाही. मधले दोघं साधारण सरळ वर ओढतात. बाहेरचा, व्हास्टस लॅटरालिस, हाडाच्या रेषेपासून १२ ते १५ डिग्री बाहेर ओढतो आणि तो आकाराने मोठा असतो. आतल्याचा वरचा भाग १५ ते १८ डिग्री आत, पण त्याचाच खालचा भाग, म्हणजे व्हीएमओ, तब्बल ५० ते ५५ डिग्री आडवा येऊन वाटीच्या आतल्या कडेला वरच्या बाजूला चिकटतो. खुर्चीत बसून पाय पुढे ताणा आणि वाटीच्या वर आतल्या बाजूला बोट ठेवा, थेंबाच्या आकाराचा कडक उंचवटा लागतो, तोच तो.

लीब आणि पेरी यांनी १९६८ मध्ये कापून वेगळे केलेल्या पायांवर एकेका स्नायूला वजन लावून पाहिलं होतं, तेव्हा एकटा व्हीएमओ गुडघा सरळ करूच शकला नाही, त्याचं काम वाटीला रेषेत ठेवणं एवढंच दिसलं. इतका आडवा असल्यामुळे तो थोड्या जोरातही पुष्कळ आत ओढतो. बलरेषांचा हिशोब पुढे नेला तर त्याने १० किलो ओढलं की आत जवळजवळ ८ मिळतात, म्हणजे तुमच्या दोन पायांतला तो ५ किलोचा फरक भरून काढायला त्याला साडेसहा किलो जास्त ओढावं लागेल. हे निरोगी स्नायूला अवघड नाही.

पण इथेच एक गैरसमज पक्का झालाय. लोकांना वाटतं व्हीएमओ एकट्याला वेगळा व्यायाम देऊन मोठा करता येतो. येत नाही. पावलं बाहेर वळवा, गुडघ्यांमध्ये उशी दाबा, काहीही करा, तो बाकीच्या क्वाड्सबरोबरच काम करतो आणि बाकीच्यांबरोबरच वाढतो. तो बारीक दिसतो कारण त्याच्यावरचं आवरण पातळ आहे आणि तंतू आडवे आहेत, त्यामुळे पूर्ण मांडी अशक्त झाली तरी आधी तिथेच खड्डा दिसतो. उशीचा व्यायाम वाईट नाही, करा, फक्त त्याच्याकडून मांडीच्या ताकदीपेक्षा वेगळी अपेक्षा ठेवू नका.

एक अपवाद सांगते कारण तो महत्त्वाचा आहे. गुडघ्यात पाणी झालं की स्नायू आपोआप बंद पडायला लागतात, आणि आतला सगळ्यात आधी. प्रयोगांमध्ये सांध्यात २० ते ३० मिली द्रव भरला तरी तो मंदावला, बाहेरच्याला बंद पाडायला ५० ते ६० मिली लागले. म्हणजे थोड्या सुजेत बाहेरचा पूर्ण जोरात आणि आतला झोपलेला, ओढीचा तोल तिथेच जातो. तुम्हाला सूज नाही ही चांगली गोष्ट.

आता मोजण्याबद्दल. तुमचा अँगल झोपवून मोजला की उभं करून? मांडी सैल होती की आवळलेली? पाऊल कुठे वळलेलं होतं? यातलं काहीही बदललं की आकडा बदलतो. आणि गंमत म्हणजे ज्याची वाटी आधीच बाहेर सरकलेली असते त्याचा क्यू अँगल उलट कमी भरतो, कारण मधला बिंदूच बाहेर गेलेला असतो. म्हणून कमी आकड्याने निर्धास्त होऊ नये आणि जास्त आकड्याने घाबरू नये. पुस्तकात पुरुषांना साधारण १२ ते १५ आणि बायकांना १५ ते १८ असं देतात, तुमचे १९ त्याच्या काठावर आहेत, तिथे असंख्य लोक आयुष्यभर न दुखता राहतात.

मी काय बघते ते सांगते. आरशासमोर एका कमी उंचीच्या पायरीवर उजव्या पायावर उभ्या राहा आणि डावी टाच हळूच खाली जमिनीला टेकवायचा प्रयत्न करा, हात कमरेवर. तुमची उजवी वाटी कुठे बघतेय? दुसऱ्या तिसऱ्या बोटाच्या दिशेने, की अंगठ्याच्याही आत? आणि डावीकडची कंबर खाली लटकतेय का? हे बघून कळवा, मग पुढचं लिहिते.

संथ_धाव:

दोघांचे मनापासून आभार, इतकं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं. मोजताना मी झोपलेले होते आणि पाय सैल होते, पावलाकडे कुणी लक्ष दिलं नाही.

पायरीवर करून बघितलं. वाटीवर पेनाने ठिपका काढला म्हणजे नीट दिसेल. पहिल्या दोन वेळा ठीक वाटलं, पण सातव्या आठव्या वेळेला उजवा ठिपका सरळ अंगठ्याच्या आत गेला, डावी कंबर खाली आली आणि दुखायलाही लागलं. मग मुद्दाम गुडघा दुसऱ्या बोटावर धरून केलं तर दुखणं कमी, पूर्ण गेलं नाही पण स्पष्ट कमी. पण नितंबाच्या बाजूला लगेच जळजळ सुरू झाली. डाव्या पायावर ठिपका आत जातो पण इतका नाही.

पण मला हे कळेना की मांडीचे स्नायू तर तेच, मग खुबा वळला तर वाटीवर फरक का पडावा?

खुबा_ते_घोटा:

मला हेच दिसायला हवं होतं. आणि थकल्यावर दिसलं हेही लक्षात ठेवा, पळताना तुमचे शेवटचे दोन किलोमीटर असेच जात असणार.

असं समजा की टेबलावर वही ठेवलीय आणि ती दोन दोऱ्यांनी समोरच्या दोन भिंतींना ताणून बांधलीय. आता वही न हलवता कुणी टेबलच फिरवलं. वही जागेवरच आहे, पण टेबलाच्या दृष्टीने ती काठावर गेली. पाय जमिनीवर टेकलेला असताना वाटीचं असंच होतं. वाटी वर स्नायूला आणि खाली नडगीला बांधलेली, आणि तिच्या मागे मांडीचं हाड आत फिरतं, मग खोबणीची बाहेरची भिंत वाटीवर येऊन दाबते. हालचाल सुरू असताना घेतलेल्या एमआरआयमध्ये वजन घेऊन उभं असताना हे दिसलंय की वाटी फारशी सरकत नाही, हाड तिच्याखाली फिरतं. पाय हवेत असताना मात्र उलटं, हाड स्थिर आणि वाटी सरकते. म्हणून झोपवून सैल पायावर घेतलेला आकडा आणि जिन्यावरचा तुमचा गुडघा या दोन वेगळ्या परिस्थिती आहेत.

शिवाय मांडी आत झुकली की गुडघा आत येतो, म्हणजे बलरेषांच्या दोरीचा कोपरा आणखी वाकतो. त्या क्षणी तुमचा कोन १९ राहत नाही, जास्त होतो. तो आत जाऊ न देणारे स्नायू नितंबात आहेत, तुम्हाला जळजळ झाली तेच. पुढच्या गुडघेदुखीत नुसत्या मांडीच्या व्यायामापेक्षा मांडी आणि खुबा दोन्हीचे व्यायाम एकत्र दिले की चांगला फायदा होतो, आता बहुतेक तज्ज्ञ हेच सुचवतात.

पावलाबद्दल कुणी विचारायच्या आत सांगते, पाऊल आत झोपलं की नडगी आत वळते आणि नुसतं तेवढंच झालं तर क्यू अँगल उलट कमी व्हायला हवा. पण पाठोपाठ मांडीही आत वळते, आणि बऱ्याचदा जास्त वळते, तेव्हा त्रास. म्हणून सगळ्यांना सरसकट इनसोल देणं मला पटत नाही.

जिमवाला_गडी:

ताई एक सांगू का, आमच्याकडे सगळे लेग एक्स्टेंशनला (मशिनवर बसून पाय सरळ करायचा व्यायाम) पाय बाहेर वळवून शेवटचे १५ डिग्रीच मारतात, कोच म्हणतो शेवटच्या टप्प्यात फक्त व्हीएमओ लागतो. मी पण तेच करतो आणि गुडघा कुरकुरतो. मग हे चूक का?

खुबा_ते_घोटा:

दादा, शेवटच्या १५ डिग्रीत फक्त व्हीएमओ लागतो हे लीब आणि पेरींच्याच कामाने खोडलं गेलं. तिथे लागतो तो पूर्ण क्वाड्सचा जोर, आणि तो आधीपेक्षा सुमारे ६० टक्के जास्त लागतो कारण तरफ लहान होत जाते. मशिनवर वजन घोट्यापाशी असतं, पाय सरळ होत जातो तसा स्नायूला जास्त ओढावं लागतं, आणि नेमकं त्याच वेळी वाटीचा फार थोडा भाग खोबणीला टेकलेला असतो. सगळा जोर छोट्या जागेवर. कुरकुर तिथूनच येत असेल.

हे जरा नीट लिहिते कारण फार उपयोगी आहे. कूर्चेला (सांध्यात हाडांवर असलेल्या गुळगुळीत थराला) जोर कळत नाही, कळतो दाब, म्हणजे जोर भागिले टेकलेली जागा. गुडघा वाकत जातो तशी टेकलेली जागा वाढते आणि वाटीच्या खालच्या टोकाकडून वरच्या भागाकडे सरकत जाते. स्क्वॉटमध्ये वाकताना जोर जागेपेक्षा वेगाने वाढतो म्हणून तिथे दाब खोल गेल्यावर जास्त. मशिनवर याच्या उलट, सरळ होताना जास्त. साधारण ४५ ते ५० डिग्रीच्या आसपास दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात. म्हणून दुखरा गुडघा असेल तर स्क्वॉट उभं असल्यापासून ४५ डिग्रीपर्यंत आणि मशिन ९० पासून ४५ पर्यंत, एवढ्या टप्प्यात काम करा, क्वाड्सला भरपूर व्यायाम मिळतो आणि वाटीला कमी त्रास. बरं वाटलं की हळूहळू पूर्ण टप्पा. पाय बाहेर वळवायची गरज नाही, सरळ ठेवा.

जिमवाला_गडी:

धन्यवाद ताई. आजच ९० ते ४५ करून बघतो.

दोनदा_निसटली:

मी दुसऱ्या बाजूचा अनुभव लिहिते, कारण बलरेषा म्हणाले तसं घसरणं आणि दुखणं वेगळं आहे आणि घसरणाऱ्यांनी हा धागा वाचून नुसते नितंबाचे व्यायाम करत बसू नये असं मला फार वाटतं.

माझी डावी वाटी पहिल्यांदा १५ व्या वर्षी निसटली. खेळताना पाऊल जमिनीवर रोवलेलं, गुडघा जेमतेम वाकलेला आणि अंग आत वळवलं, बस्स. बघितलं तर वाटी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला बसलेली, पुढे जिथे असायला हवी तिथे सपाट. पाय हळूच सरळ केल्यावर ती खटकन जागेवर आली. तो आवाज अजून कानात आहे. त्या वेळी सांगितलं गेलं की स्नायू कमजोर आहेत, व्यायाम करा. सहा वर्षं इमानाने व्यायाम केले, मांडी खरंच मजबूत झाली, आणि तरी दुसऱ्यांदा निसटली, जिना उतरतानाही नाही, सपाट जमिनीवर वळताना.

तेव्हा कुठे एमआरआय आणि सीटी झालं. आतल्या बाजूला वाटीला मांडीच्या हाडाशी धरून ठेवणारा अस्थिबंध असतो, एमपीएफएल म्हणतात, सुरुवातीच्या अंशांत बाहेर जाण्याला जो अडथळा असतो त्यातला निम्मा किंवा थोडा जास्त हा एकटा देतो, तो माझा पहिल्याच वेळी फाटला होता. वर माझी खोबण उथळ, वाटी जरा उंचावर बसलेली, आणि खोबणीच्या मध्यापासून नडगीच्या उंचवट्यापर्यंतचं आडवं अंतर २२ मिमी. २० च्या वर गेलं की जास्त समजतात. म्हणजे दोरीचं खालचं टोकच बाहेर खिळलेलं होतं, मग वरच्या स्नायूने कितीही आत ओढलं तरी काय होणार. उलट मांडी जितकी जोरात आवळावी तितकी वाटी बाहेर पळायची, हे मी स्वतः पाय सरळ ठेवून बघायचे, वाटी वर जाता जाता शेवटी बाहेर झटका मारायची.

शेवटी ऑपरेशन झालं, अस्थिबंध नवा बसवला आणि नडगीचा उंचवटा हाडासकट थोडा आत सरकवला. आता ४ वर्षं झाली, निसटली नाही. व्यायाम अजूनही करते, ते सोडून चालत नाही. पण ज्यांची वाटी खरंच निसटलीय, किंवा निसटेल अशी भीती वाटून कुणी बाहेर ढकलली की पाय आवळला जातो, त्यांनी हाडांची रचना तपासून घ्या, नुसत्या क्यू अँगलवर आणि नुसत्या व्हीएमओवर वर्षं घालवू नका.

बलरेषा:

ताई, हे लिहिलंत ते फार बरं झालं. तुमचा शेवटचा झटका अगदी हिशोबाप्रमाणे आहे, गुडघा पूर्ण सरळ होताना नडगी किंचित बाहेर फिरते, त्यामुळे खालचं टोक आणखी बाहेर जातं आणि कोन तिथेच सगळ्यात मोठा, आणि नेमका तिथेच खोबणीचा आधार नाही.

एक विचारतो, उंचवटा "थोडा" आत सरकवला म्हणालात, किती ते सर्जनने मोजून ठरवलं होतं ना? विचारायचं कारण म्हणजे ह्युबर्टी आणि हेज यांचं १९८४ चं काम. त्यांनी प्रेतांच्या गुडघ्यांत दाब मोजणारा कागद ठेवून क्यू अँगल १० डिग्रीने वाढवला, मग १० डिग्रीने कमीही केला. सगळ्यांची अपेक्षा असते की कमी केला की दाब कमी होईल. झालं असं की दोन्हीकडे कमाल दाब वाढला. वाढवला तरी वाढला, कमी केला तरी वाढला. कारण वाटी आणि खोबण एकमेकींना ज्या जागी नीट जुळतात ती जागा प्रत्येकाची ठरलेली असते, तिथून कुठल्याही बाजूला नेलं की टेकलेली जागा लहान होते. कोन शक्य तितका कमी करणं हे ध्येयच चुकीचं आहे, हे मला त्या एका प्रयोगाने जितकं पटलं तितकं कशानेच नाही.

दोनदा_निसटली:

हो, मोजून. त्यांनी आधीच सांगितलं होतं की नॉर्मलच्या आसपास आणायचं, त्याच्या पुढे नाही, जास्त आत नेलं तर आतल्या बाजूची कूर्चा दाबाखाली येते. वाटीला बाहेरच्या बाजूने धरणारे धागे मोकळे करण्याबद्दलही तेच म्हणाले, ज्याला गरज नाही त्याचे सोडले तर वाटी उलट आत घसरायला लागते. मला तेव्हा ते नीट समजलं नव्हतं, आज तुमचं वाचून समजलं.

संथ_धाव:

तीन आठवड्यांनी परत येतेय. सगळ्यांचं वाचून फिजिओंशी मोकळेपणाने बोलले, त्यांनाही पायरीवरचा ठिपका दाखवला, त्यांनी ऐकून घेतलं आणि व्यायाम बदलून दिले. आता एका कुशीवर पाय उचलणं, रबर बँड लावून बाजूला चालणं, ४५ डिग्रीपर्यंत स्क्वॉट आणि पायरीवरून उतरणं, पायरी आरशासमोर आणि ठिपका काढूनच. पळणं निम्मं केलंय. मिनिटाला माझी पावलं १५८ पडायची, ती मोजणीच्या बीपवर १७२ च्या आसपास आणलीत, पावलं छोटी झाली.

जिना उतरताना आता सहाव्या सातव्या पायरीला थोडं जाणवतं, आधी पहिलीपासून दुखायचं. तासभर बसून उठल्यावर मात्र अजून तसंच आहे, तिथे फारसा फरक नाही. पुन्हा मोजलं तर क्यू अँगल अर्थातच १९ चा १९.

एक शंका राहिली. बसून राहिल्यावर तर स्नायू ओढतच नाहीत, मग दुखतं का?

खुबा_ते_घोटा:

छान चाललंय. पावलं १० टक्क्यांच्या आसपास वाढवलीत ते योग्यच, तेवढ्याने पळताना वाटीमागचा कमाल जोर साधारण १४ टक्के कमी होतो असं मोजलं गेलंय, कारण गुडघा कमी वाकतो. एकदम यापेक्षा जास्त वाढवू नका, पोटऱ्या धरतील.

बसण्याचं असं आहे की स्नायू शांत असला तरी ९० डिग्रीत तो आणि कंडरा ताणलेली असतात, बाहेरचे धागेही ताणून वाटीला मागे आणि बाहेर खेचून ठेवतात, म्हणजे थोडा पण न थांबणारा दाब. आधीच चिडलेला गुडघा तो तासभर सहन करत नाही. कूर्चेला स्वतःच्या नसा नसतात, दुखतं ते तिच्याखालचं हाड, आजूबाजूची चरबीची गादी, आवरण, आणि ते शांत व्हायला व्यायामांपेक्षा वेळ जास्त लागतो. सध्या दर वीस मिनिटांनी पाय पुढे सरळ करून दहा वेळा मांडी आवळा सोडा. मांडीच्या पुढचा आणि बाहेरचा भाग फार ताठ आहे का तेही फिजिओंना बघायला सांगा, पोटावर झोपून टाच नितंबाकडे आणताना दोन्ही बाजूंना किती अंतर राहतं ते मोजा आणि इथे लिहा.

संथ_धाव:

आत्ताच मोजलं. डावी टाच चार बोटांवर थांबते, उजवी जवळजवळ वीतभर लांब राहते आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला ताण येतो. उद्या दाखवते त्यांना.